खापर भुताच्या माथी

रविवारची सकाळची मिस्सा आटोपली, की आमच्या देवळाच्या पायऱ्यांवर आणखी एक सभा भरते. तिला अध्यक्ष नसतो, विषयपत्रिका नसते, आभारप्रदर्शन तर नसतेच. तरीही तिची उपस्थिती पॅरिश कौन्सिलच्या बैठकीपेक्षा नेहमीच अधिक असते. २०१९ सालच्या पावसाळ्यात या सभेपुढे एकच विषय होता. धर्मगुरूंनी प्रवचनात काय सांगितले, भाताची लावणी कुठवर आली, कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, हे सारे मागे पडले होते. या आठवड्यात अण्णांनी काय केले आणि पुढच्या भागात ते कोणाचा काटा काढणार, एवढीच चिंता सर्वांना लागून राहिली होती.

हे अण्णा आमच्या गावचे नव्हेत. ते अण्णा नाईक; सावंतवाडीजवळच्या आकेरी गावच्या वाड्यातले, झी मराठी वाहिनीवर रात्री साडेदहाला घरोघर अवतरणारे. 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचे ते दुसरे पर्व होते. हातातली जपमाळ अजून पर्समध्ये न ठेवलेल्या एक मावशी शेवंता कशी आरशापुढे बसली होती, तिने गजरा कसा माळला होता, हे इतक्या बारकाईने सांगत होत्या, की जणू त्या तिच्या मागेच उभ्या असाव्यात. निवृत्त झालेले एक गुरुजी अण्णांच्या नजरेचे आणि आवाजाचे विश्लेषण करीत होते. तरुण मुले पांडूची नक्कल करून 'इसरलंय, इसरलंय' म्हणत एकमेकांच्या अंगावर कोसळत होती. आणि आम्ही? आम्ही कोपऱ्यात उभे राहून सारे ऐकत होतो, आणि कोणाचा एखादा प्रसंग सांगायचा राहिला तर मध्येच त्याची आठवणही करून देत होतो. आम्हीही मालिका पाहत होतो. हे आधीच कबूल केलेले बरे. नाहीतर पुढे जे लिहिणार आहोत ते उपदेशाच्या थाटाचे वाटेल.

वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल, मालिकेचे पहिले पर्व २२ फेब्रुवारी २०१६ रोजी सुरू झाले. घरातला कर्ता पुरुष, अण्णा, मरण पावतो. मुंबईची आणि गावची मुले, सुना, नातवंडे वाड्यात एकत्र येतात. आणि एकेक अघटित घडू लागते. दारे आपोआप उघडतात, कोणाला सावल्या दिसतात. घरातली शिकलेली सून नीलिमा प्रत्येक गोष्टीमागे शास्त्रीय कारण शोधू पाहते आणि बाकीचे तिच्याकडे दयेने पाहतात. मालिका सुरू होते न होते तोच कोकणातून निषेधाचे सूर उमटले. कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख अशी बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, मालिका बंद करा, असे म्हटले गेले. आमच्याकडेही काही ज्येष्ठांनी तोच सूर लावला. ख्रिस्ती घरात असल्या अभद्र गोष्टी नकोत, व्यासपीठावरून याविरुद्ध बोलले पाहिजे, मुलांना साडेदहाच्या आत निजवले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

या मंडळींच्या हेतूविषयी आम्हांला आदर आहे; त्यांच्या नेमबाजीविषयी नाही. त्यांनी बंदूक उचलली ती योग्यच, पण बार उडविला तो भुतावर. आमच्या मते त्या वाड्यात सर्वांत निरपराध जर कोणी असेल तर ते भूतच.

भुताची गोष्ट ही काही दूरचित्रवाणीने शोधून काढलेली वस्तू नव्हे. १९८५ साली दूरदर्शनवर 'विक्रम और वेताल' ही मालिका लागे, तेव्हा रविवारी दुपारी आमच्या वाडीतली सारी पोरे ज्या एका घरी दूरचित्रवाणी संच होता तिथे ओटीवर गर्दी करीत. प्रेत खांद्यावर घेऊन राजा चालतो, आणि त्या प्रेतातला वेताल त्याला गोष्ट सांगतो. पण गोष्ट सांगून वेताल थांबतो का? नाही. तो शेवटी विचारतो : राजा, या गोष्टीत अपराधी कोण? न्याय कोणाच्या बाजूने? उत्तर ठाऊक असून दिले नाहीस तर तुझ्या मस्तकाची शकले होतील. लहानपणी आम्हांला त्या शकलांचे भय वाटे. आता वाटते, भुताच्या गोष्टीचे सारे मर्म त्या प्रश्नात होते. भूत आले होते ते निवाडा मागायला.

कोकणातली खरी लोकश्रद्धा याहून निराळी नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवली गावच्या वेतोबाला भाविक हातभर लांबीच्या चपला वाहतात. रात्री तो गावाच्या सीमेवरून फिरतो आणि त्या चपला झिजतात, अशी समजूत आहे. (जयवंत दळवींचे हेच गाव. अशा गावचा माणूस लेखक न होता तरच नवल.) आमचा त्या श्रद्धेशी मतभेद असेल, पण तिच्यातला अर्थ आम्हांला कळतो. रात्री कोणीतरी जागे आहे. ज्याला दिवसा कोणी विचारीत नाही त्याला रात्री कोणीतरी जाब विचारणार आहे. अशा राखणदारापुढे खोटी शपथ घेताना माणसाची जीभ अडखळते. गाऱ्हाणे घालणारा गावकरी त्या अदृश्य शक्तीपुढे गावातलीच तक्रार मांडत असतो. थोडक्यात, कोकणातले जुने भूत हिशेब ठेवते.

मग दूरचित्रवाणीवरच्या भुताला काय झाले? १९९३ मध्ये 'झी हॉरर शो' आला, १९९५ मध्ये सोनी वाहिनीवर 'आहट' आली. या मालिकांतले भूत बहुधा किंकाळीपुरते येई. जाहिरातींच्या आधी एक दचका, जाहिरातींनंतर एक दचका. मराठीत नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी गूढकथेला जी खोली दिली तिचा त्या दचक्यांशी संबंध नव्हता. म्हणूनच २०१९ च्या जानेवारीत 'रात्रीस खेळ चाले'चे दुसरे पर्व सुरू झाले तेव्हा आम्हांला मनापासून आनंद झाला होता, हे नमूद करणे आवश्यक आहे. या पर्वाने काळ मागे नेला. पहिल्या पर्वात जो केवळ मेलेला म्हणून माहीत होता, तो अण्णा येथे जिवंत, धडधाकट, मिशीला पीळ देत आमच्यापुढे उभा राहिला. आणि हळूहळू उलगडत गेले, की त्या वाड्यात जे काही भटकते आहे ते आभाळातून पडलेले नाही. ते या एका माणसाने आपल्या हाताने निर्माण केले आहे. याला जमीन हवी होती, म्हणून एकेकाचा बळी गेला. याला परस्त्री हवी होती, म्हणून आणखी एक घर उद्ध्वस्त झाले. याच्या पत्नीने, इंदूने, जिला पुढे सारे माई म्हणतात, तिने हे सगळे डोळ्यांनी पाहिले, मार खाल्ला, मुले वाढविली आणि चूल पेटती ठेवली.

लेखनाच्या दृष्टीने मालिकेने केलेली ही सर्वोत्तम गोष्ट होती. भुताच्या मुळाशी पाप आहे, आणि पापाला नाव आहे, गाव आहे, मिशी आहे. प्रवचनकारांना जे वर्षानुवर्षे पटवून देता आले नाही ते एका मालिकेने रोज अर्ध्या तासात दाखवून दिले. माधव अभ्यंकरांनी अण्णा असा उभा केला, की त्याच्या नुसत्या खाकरण्याने घरातली माणसे भिंतीला कशी चिकटत असतील, हे प्रेक्षकाला समजावे. वेतालाचा प्रश्न येथे पुन्हा विचारला गेला होता : राजा, अपराधी कोण?

आणि पायऱ्यांवरच्या आमच्या सभेने त्या प्रश्नाचे काय उत्तर दिले? सभेने अण्णांचे चाहते व्हायचे ठरविले.

आम्ही अतिशयोक्ती करीत नाही. त्या वर्षी आमच्या परिसरातल्या एका लग्नात सालाबादच्या वेषांतराच्या खेळात दोघे तरुण अण्णा बनून आले होते. काळा गॉगल नव्हे, तलवार नव्हे, धोतर आणि मिशी. ज्याने टाळ्या घेतल्या त्याने काय केले? घरातल्या बाईवर हात उगारण्याचा अभिनय केला. बायकाही हसल्या. शेवंताविषयी तर बोलायलाच नको. ती दिसते कशी, नेसते कशी, चालते कशी, यावर पुरुषांच्या घोळक्यात आणि बायकांच्या घोळक्यात, दोन वेगवेगळ्या स्वरांत, पण तितक्याच आवडीने चर्चा होत होती. शेवंता निर्दोष आहे असे आमचे म्हणणे नाही. लोभ तिलाही सुटलेला नव्हता. पण एका बलाढ्य माणसाच्या इच्छेत एकटी बाई सापडली म्हणजे तिच्यापुढे किती वाटा उरतात, हा विचार कोणी केला? कोणी म्हणे, 'तिनेच त्याला नादी लावले.' हे वाक्य आम्ही त्या पायऱ्यांवर इतक्या वेळा ऐकले, की मालिका पाहत आहोत की वाडीतल्या एखाद्या खऱ्या बाईविषयी ऐकत आहोत, असा संभ्रम पडावा. आणि माई? सबंध पावसाळ्यात 'काल माईंचे काय झाले हो?' असे विचारणारा एकही आवाज आमच्या कानी आला नाही. घराण्यातल्याच वच्छीने हक्कासाठी तोंड सोडले की तेवढी हसण्याची सोय होई. हक्क मागणाऱ्या बाईचे आपल्याकडे दोनच उपयोग असतात. एकतर ती विनोदी असते, नाहीतर ती चेटकीण असते.

पण या सर्वांहून आम्हांला अस्वस्थ केले ते पांडूने. मालिकेतला हा गडी विसरभोळा. काही विचारले की डोके खाजवीत म्हणतो, 'इसरलंय.' त्या एका शब्दावर महाराष्ट्र हसला. लहान मुले शाळेत गृहपाठ न केल्याचे कारण म्हणून तो शब्द वापरू लागली, असे आमच्या एका शिक्षिका भगिनींनी सांगितले. विनोदाचे आम्हांला वावडे नाही. पण जरा थांबून पाहावे. ज्या गावात एक माणूस दिवसाढवळ्या जमिनी गिळतो, माणसे नाहीशी होतात, बायका रडतात, त्या गावात शंभर घरे आहेत. त्या शंभर घरांना काहीच ठाऊक नव्हते का? ठाऊक होते. सर्वांना ठाऊक होते. मग सर्वांनी काय केले? सर्वांना इसरलंय. पांडू वेडा आहे म्हणून तो ते मोठ्याने बोलतो. शहाणे गाव तेच मनात बोलते. मालिकाकारांना हा अर्थ अभिप्रेत होता की नाही, हा आमचा विषय नाही. शब्द एकदा सुटला, की तो ऐकणाऱ्याचा होतो. आम्ही तो ऐकला आणि त्याची थट्टा केली.

येथे आमचे काही मित्र म्हणतील, अहो, ही करमणूक आहे; दिवसभर विरारच्या गाडीत लोंबकळून आलेल्या माणसाला रात्री अर्धा तास विरंगुळा हवा असतो, त्यात कसले पाप-पुण्य काढता? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. माणसाला भय आवडते, आणि सुरक्षित जागी बसून अनुभवलेले भय तर मिठाईसारखे लागते. मालिका पाहावी, दचकावे, शेजारच्याचा हात धरावा. आमची तक्रार अर्ध्या तासाविषयी नाहीच. ती त्यानंतरच्या साडेतेवीस तासांविषयी आहे. साडेदहा ते अकरा जे दिसते ते वाहिनीचे. पण दुसऱ्या दिवशी गाडीत, विहिरीवर, पायऱ्यांवर आपण जे बोलतो ते आपले. त्याची जबाबदारी कोणत्याही वाहिनीवर ढकलता येणार नाही. गोष्ट ऐकून गाव काय बोलते, यावरून गावाची ओळख पटते.

तिसऱ्या पर्वाने तर आमच्या या बोलण्याला बक्षीसच दिले. २०२१ च्या मार्चमध्ये ते सुरू झाले, आणि अण्णा व शेवंता भुते होऊन परतली. ज्याच्या अपराधांनी तो वाडा झपाटला होता, तो स्वतःच आता झपाटणारा झाला. आणि आमच्या सभेने सुटकेचा नि:श्वास टाकला : आले बाबा एकदाचे! जिवंत अण्णाला एकवेळ कोणी जाब विचारला असता. मेलेल्या अण्णाला कोण विचारणार? त्याने पुढे कोणाला पछाडले, तर तो बाधेचा भाग. ते उतरविण्याचे उपाय असतात. माणसाचे पाप पाहता पाहता हवामानासारखे होऊन गेले. आले, घोंघावले, गेले. जबाबदार कोणीच नाही.

आता आमचे स्वकीय म्हणतील, की हे सारे इतरांचे झाले. आपण ख्रिस्ती, आपण भूत मानीत नाही, मांत्रिकाकडे जात नाही, लिंबू-मिरची बांधीत नाही. त्या मालिकेने आपले काय बिघडणार? या आत्मसंतुष्टपणाला उत्तर देण्यासाठी आम्हांला कोकण सोडून थोडा वेळ जर्मनीत जावे लागेल, कारण तिथे जे घडले ते आपल्याच घरातले आहे.

बव्हेरियातील क्लिंगेनबर्ग नावाच्या छोट्या गावी ॲनलीस मिशेल नावाची मुलगी होती. घर अत्यंत भाविक, कॅथलिक. तिला शाळकरी वयात झटके येऊ लागले; डॉक्टरांनी अपस्माराचे निदान केले; औषधे सुरू झाली. पुढे तिला भयानक चेहरे दिसू लागले, आवाज ऐकू येऊ लागले. औषधांनी गुण येईना, तशी घरच्यांची खात्री पटत गेली की ही सैतानाची बाधा आहे. बिशपांच्या अनुमतीने दोन धर्मगुरूंनी सप्टेंबर १९७५ पासून तिच्यावर भूत घालविण्याचा विधी सुरू केला. जून १९७६ पर्यंत तो सदुसष्ट वेळा झाला. तिने अन्न सोडले. डॉक्टरला कोणी बोलाविले नाही. १ जुलै १९७६ रोजी ती मरण पावली तेव्हा तिचे वय तेवीस होते आणि वजन सुमारे तीस किलो. १९७८ साली न्यायालयाने तिचे आईवडील आणि दोन्ही धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल दोषी ठरविले. शिक्षा सहा महिन्यांची, आणि तीही स्थगित.

या चौघांपैकी एकही दुष्ट नव्हता. म्हणूनच ही घटना आम्हांला अण्णा नाईकांपेक्षा अधिक भयावह वाटते. सैतान एकदा का खोलीत आहे असे ठरले, की मग भुकेने मरणारी मुलगी कोणाला दिसत नाही. आणि नंतर काय झाले पाहा. २००५ साली या प्रकरणावर 'द एक्झॉर्सिझम ऑफ एमिली रोज' हा अमेरिकन चित्रपट निघाला. त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात फक्त धर्मगुरू आहे. आईवडिलांवर खटलाच नाही. आमच्या एका तरुण नातेवाइकाने तो चित्रपट भ्रमणध्वनीवर पाहिला आणि आमच्यापाशी येऊन विचारले, 'काका, तिच्यात खरेच भूत होते का?' तिला जेवण कोणी का दिले नाही, असे त्याने विचारले नाही. त्याला दोष कसा द्यावा? त्याला तो प्रश्न कोणी शिकविलाच नव्हता. पायऱ्यांवर तोही आमच्याच शेजारी उभा असे.

ख्रिस्तसभेने या प्रकरणापासून धडा घेतला, हे सांगितले पाहिजे. धर्मसभेच्या कायदेसंहितेचे ११७२ वे कलम सांगते, की स्थानिक धर्माध्यक्षांच्या खास आणि स्पष्ट परवानगीवाचून कोणालाही हा विधी करता येत नाही, आणि ती परवानगी केवळ धर्मनिष्ठ, ज्ञानी, विवेकी आणि सच्छील धर्मगुरूलाच द्यावयाची आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या सुधारित विधीत आजाराला बाधा समजू नये, वैद्यक आणि मानसशास्त्र जाणणाऱ्यांचा सल्ला घ्यावा, अशी सावधगिरी घालून दिली आहे. इकडे महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच महिन्यात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे आता गुन्हा आहे. कॅनन कायदा आणि राज्याचा कायदा, दोन्ही वेगवेगळ्या दारांतून येऊन एकाच गोष्टीकडे बोट दाखवितात : आधी माणसाकडे पाहा. हे दोन्ही कायदे आपल्या पॅरिशमध्ये किती जणांना ठाऊक आहेत? शेवंताच्या साडीचा रंग किती जणांना ठाऊक होता?

परंतु कायद्यांनी भागणारे हे काम नाही, आणि ते का, हे सांगण्यासाठी आम्हांला आता आमच्या वाडीतच यावे लागेल.

आमच्या वाडीच्या टोकाला एक विहीर होती. काठाला चाफा, बाजूला केळीची बाग, थोडी पानवेल. ती बाग एका विधवेच्या वाट्याची. मूलबाळ नव्हते. अक्षर ओळखीत नसे; पण कोणत्या केळीचा लोंगर कोणत्या आठवड्यात उतरेल हे तिला तोंडपाठ असे. १९९० नंतर आमच्याकडे जमिनींचे भाव कसे चढले हे वसईकर वाचकाला सांगायला नको. एके दिवशी तिच्या दिराने तिला चांगली साडी नेसवून शहरात नेले आणि एका हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला. घरपट्टीचा कागद आहे असे तिला सांगितले होते. तिला ते कळले तेव्हा बाग विकली गेली होती. ती घरोघर फिरली. आमच्याही ओटीवर आली होती. आमच्या आईने तिला पेज दिली, आणि वडील म्हणाले, घरातला तंटा आहे, आपण पडू नये. दोनेक वर्षांत ती गेली. कशी गेली, हे लिहिण्याची गरज नाही. विहीर होती, एवढे पुरे.

मग विहिरीपाशी रात्री दिवा दिसू लागला. चाफ्याखाली पांढरी बाई बसलेली कोणी पाहिली, कोणी रहाटाचा आवाज ऐकला. एका बाईचे मूल तापाने फणफणले, तर ती म्हणाली, 'विहिरीवरच्या बाईने धरले.' संध्याकाळनंतर त्या वाटेने कोणी जाईना. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने ती गोष्ट ऐकली, आणि पुढच्या पिढीला मीठमसाला लावून सांगितली. त्या गोष्टीत दिवा होता, चाफा होता, पांढरे लुगडे होते, रहाटाची करकर होती. अंगठा नव्हता. दीर नव्हता. आमच्या वडिलांचे ते वाक्य नव्हते. ज्या बाईवर अन्याय झाला ती आमच्या गोष्टीत लहान पोरांना छळणारी अवदसा झाली. आणि ज्याने अन्याय केला त्याने पुढे देवळाच्या सणाच्या वर्गणीत सर्वांत मोठा आकडा टाकला, तेव्हा त्याला पहिल्या बाकावर बसवून आम्ही टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांत आमच्याही होत्या.

म्हणून आम्ही म्हणतो, की 'रात्रीस खेळ चाले' बंद करा म्हणणारे चुकले. त्या मालिकेने आमच्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणा दाखविला होता. तिने निदान अण्णाला नावानिशी उभे केले. आमच्या वाडीने भूत ठेवले आणि अण्णाला गोष्टीतून काढून टाकले. २०१९ च्या पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर उभे राहून आम्ही आकेरीच्या वाड्यातल्या मेलेल्यांची नावे भराभर सांगत होतो, आणि आमच्यातल्या कोणाच्याही मनात आमची विहीर आली नाही. की आली होती, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचे तोंड पाहत होता?

विहीर आता बुजविली आहे. तिच्यावर चार मजली इमारत उभी आहे. तळमजल्यावर केक आणि वाढदिवसाच्या सामानाचे दुकान आहे. इमारतीत राहायला आलेल्या नव्या कुटुंबांनाही आमच्या मुलांनी पांढऱ्या बाईची गोष्ट सांगितली आहे, आणि जिन्यातला दिवा लुकलुकला की तिथली पोरे किंचाळत वर पळतात. सातबाऱ्यावर ते नाव कसे कमी झाले, त्याची फेरफार नोंद मात्र महसुली दप्तरात असणार. तिच्या नकलेसाठी अर्ज करता येतो. आम्ही अद्याप तो अर्ज केलेला नाही.